काऊलूनची चिनी बाग: काय दाखवायचं आणि काय लपवायचं

हाँगकाँगमध्ये काऊलून वॉल्ड सिटी पार्क म्हणून एक बाग आहे. साधारण 31,000 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात साडेसात एकरांच्या थोडी वर. आत तळी आहेत, कौलारू मंडप आहेत, बांबू, वेडेवाकडे दगड, पांढऱ्या भिंती आणि त्या भिंतींत पूर्ण गोल दरवाजे. फोटो बघून कोणालाही वाटेल की ही दोन-तीनशे वर्षं जुनी, कुठल्यातरी चिनी सरदाराची बाग असणार. प्रत्यक्षात ती 1995 च्या डिसेंबरमध्ये लोकांसाठी उघडली, बांधली ब्रिटिश हाँगकाँग सरकारने, आणि तिच्या आधी त्याच जागेवर जगातली सगळ्यात दाट म्हणता येईल अशी वस्ती उभी होती.

चिनी पद्धतीची बाग म्हणजे काय हे समजून घ्यायला मला ही बाग फार चांगली वाटते, कारण इथे दोन गोष्टी एकदम कळतात. एक म्हणजे त्या पद्धतीचं तंत्र, आणि दुसरी म्हणजे ते तंत्र एखाद्या सरकारने सार्वजनिक जागेवर वापरलं की त्याचं काय होतं. त्या तंत्राचा गाभा असा आहे की बघणाऱ्याला कुठल्या क्षणी काय दाखवायचं आणि तोपर्यंत काय झाकून ठेवायचं हे ठरवणं. बाकी सगळं, म्हणजे दगड, पाणी, कमळं, कंदील, हे त्या कामाला लागलेलं सामान.

आधी पद्धतीबद्दल. 'चिनी बाग' असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात बरेच प्रकार आहेत. बादशहांच्या बागा अवाढव्य, पिवळ्या कौलांच्या, लाल खांबांच्या. आणि दुसरीकडे यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, ज्याला जिआंगनान म्हणतात, सुझौ-यांगझौ-हांगझौ या शहरांतल्या खाजगी बागा. निवृत्त अधिकारी, श्रीमंत व्यापारी, शिकलेसवरलेले लोक यांनी आपापल्या घराला लागून केलेल्या. शहरात जागा महाग, त्यामुळे या बागा लहान. सुझौमधली वांगशी बाग, जी जगभर नावाजलेली आहे, ती जेमतेम अर्ध्या हेक्टरची आहे. सुझौच्या नऊ बागा युनेस्कोच्या यादीत आहेत, काही 1997 ला गेल्या आणि बाकीच्या 2000 ला. त्यातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक, झुओझेंग बाग, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नोकरी सोडलेल्या अधिकाऱ्याने केली, आणि त्याच्या मुलाने ती जुगारात घालवली असं सांगतात. काऊलूनचा पार्क याच जिआंगनान पद्धतीचा, चिंग राजवटीच्या (चीनचं शेवटचं राजघराणं, 1644 ते 1912) सुरुवातीच्या काळातल्या शैलीत केलेला आहे.

आता लहान जागा मोठी कशी वाटवायची हा या लोकांपुढचा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांनी असं काढलं की सगळी जागा एकदम दिसूच द्यायची नाही. आपल्या जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून आत शिरलं की समोर देवडीची भिंत येते आणि वळल्याशिवाय चौक दिसत नाही, तसंच. चिनी बागेत दारातून आत गेलं की समोर एक भिंत येते, नाहीतर दगडांचा डोंगरच उभा असतो, त्याला वळसा घातला की अचानक पाणी. मग वाट सरळ नसते, वळत जाते, पूलही नागमोडी असतो, आणि प्रत्येक वळणावर तुमचं तोंड वेगळ्या दिशेला होतं म्हणून दिसणारं चित्रही वेगळं. तेच तळं तुम्ही चारदा बघता आणि चारही वेळा ते नवीन वाटतं. तळ्याचा काठसुद्धा एका नजरेत पूर्ण दिसत नाही, एखादा कोपरा पुलाखालून कुठेतरी आत जातो, आणि आपल्याला वाटत राहतं की पाणी पुढे बरंच आहे. बऱ्याचदा ते तिथेच संपलेलं असतं.

पाश्चात्त्य राजवाड्यांच्या बागा आठवा, व्हर्सायसारख्या. तिथे गच्चीवर उभं राहिलं की सगळा नकाशा समोर, मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजू सारख्या. चिनी बागेत अशी एक जागा सापडत नाही जिथे उभं राहून तुम्ही म्हणाल की झाली बघून. चालावंच लागतं. म्हणून या बागेचा फोटो नेहमी अपुरा असतो, चांगला आला तरी.

भिंतींचं काम बघण्यासारखं असतं. जिआंगनानच्या बागेतल्या भिंती पांढऱ्या, कौलं करडी-काळी, लाकूड गडद. साधेपणा, पण मुद्दाम ठेवलेला. भडक रंग आणि पिवळी कौलं हा बादशहाचा मान होता, आणि शिवाय पांढऱ्या भिंतीचा एक मोठा उपयोग आहे. तिच्यापुढे चार बांबू आणि एक दगड ठेवला की ऊन फिरेल तशी सावली भिंतीवर फिरते आणि भिंत कागद होऊन जाते. चिनी चित्रकलेत कागदाची मोकळी जागा जशी धुकं नाहीतर पाणी म्हणून वाचायची असते तशीच ही भिंत वाचायची. त्याच भिंतीत मग जाळीच्या खिडक्या असतात, कौलांचे तुकडे किंवा विटा रचून केलेल्या नक्षीच्या, एका ओळीतल्या दोन खिडक्यांची नक्षी सहसा सारखी नसते. त्यातून पलीकडचं थोडं दिसतं, हिरवं काहीतरी, एखादा कौलाचा कोपरा, आणि पलीकडे जावंसं वाटतं. आणि गोल दरवाजा. तो नुसता सुंदर म्हणून गोल नाही, तो चौकट आहे, त्याच्या बरोबर समोर काहीतरी ठेवलेलं असतं. बांधणाऱ्याने झाड लावताना तुम्ही दाराच्या अलीकडे कुठे उभे राहाल ते आधी ठरवलेलं असतं.

दगडांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण नवीन माणसाला तेच सगळ्यात कमी कळतं. आपण बघतो आणि म्हणतो, हा काय भोकं पडलेला दगड. तर सुझौजवळ ताईहू नावाचं मोठं सरोवर आहे, तिथला चुनखडीचा दगड पाण्याने झिजून झिजून असा होतो. जाणकार त्यात चार गोष्टी बघायचे: दगड सडपातळ, उभ्या बांध्याचा हवा, अंगावर सुरकुत्या हव्या, आतून वाटा हव्यात म्हणजे वरून ओतलेलं पाणी कुठून कुठून निघेल असं, आणि आरपार भोकं हवीत म्हणजे पलीकडचा उजेड दिसेल. असा एक उभा दगड म्हणजे एक आख्खा डोंगर समजायचा, त्याला सुळके आहेत, घळी आहेत, गुहा आहेत. मागणी इतकी वाढली की कारागीर साध्या दगडाला छिन्नीने भोकं पाडून तो परत सरोवरात बुडवून ठेवायचे, छिन्नीच्या खुणा पाण्याने पुसल्या जाईपर्यंत, वर्षानुवर्षं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग घराण्याचा हुइझोंग बादशहा तर या दगडांपायी इतका वेडा झाला की दक्षिणेतून राजधानीला दगड नेणाऱ्या होड्यांसाठी वाटेतले पूल पाडले गेले, लोकांच्या अंगणातले दगड जप्त झाले, आणि 1120 मध्ये दक्षिणेत मोठं बंड झालं त्याचं एक कारण हे दगडच होते. 1127 ला राजधानी शत्रूच्या हातात गेली. दगड-पाणी-झाडं हा निरुपद्रवी छंद वाटतो, पण बाग कोण करतो आणि कोणाच्या जिवावर करतो हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

झाडंही अशीच विचार करून. पाइन, बांबू आणि प्लम ही तीन हिवाळ्यात टिकून राहणारी म्हणून मानाची. आणि केळ लावायची ती फळासाठी नाही, तर पानांवर पावसाचा आवाज ऐकायला. झुओझेंग बागेत त्यासाठी खास दालन आहे, पाऊस ऐकायचं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

अजून एक युक्ती राहिली, बाहेरचं दृश्य उसनं घेणं. जी चेंग नावाच्या बाग बांधणाऱ्या माणसाने 1631 मध्ये या कलेवर जो ग्रंथ पूर्ण केला त्यात तो यावर फार जोर देतो. तुमच्या हद्दीबाहेर डोंगर असेल, देवळाचा मनोरा असेल, तर तो तुमच्या बागेत आणा, म्हणजे झाडं आणि भिंती अशा रचा की मधलं शहर झाकलं जाईल आणि तो मनोरा तेवढा तळ्याच्या टोकाला उभा दिसेल. झुओझेंग बागेत बेइसी पॅगोडा असाच दिसतो, तो बागेत नाहीच, बराच लांब आहे, पण बघताना तसं वाटत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून आता काऊलूनला या. इथली गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफूच्या युद्धानंतर 1842 मध्ये हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेलं. समोरच्या किनाऱ्यावर लक्ष ठेवायला चिंग सरकारने काऊलूनला 1847 मध्ये तटबंदी बांधली, आत सैन्य आणि अधिकाऱ्याची कचेरी, जिला यामेन म्हणतात. पुढे 1898 मध्ये ब्रिटिशांनी आजूबाजूचा मोठा मुलूख 99 वर्षांच्या भाड्याने घेतला, पण करारात हा तटाच्या आतला तुकडा वगळला होता, तिथे चिनी अधिकारी राहू शकतात असं ठरलं, हाँगकाँगच्या संरक्षणाला अडचण येत नाही तोपर्यंत. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी सैन्य पाठवून त्यांना बाहेर काढलं. चीनने हक्क कधी सोडला नाही. म्हणजे कागदावर दोघांचं आणि प्रत्यक्षात धड कोणाचंच नाही, असा अडीच-पावणेतीन हेक्टरचा तुकडा ब्रिटिश वसाहतीच्या पोटात राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तट पाडला आणि दगड जवळच्या काई ताक विमानतळाच्या विस्ताराला वापरले.

युद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि ज्यांना कुठेच थारा नव्हता ते इथे आले. 1948 मध्ये ब्रिटिशांनी लोकांना हलवायचा प्रयत्न केला तर दंगल झाली, तिकडे चीनमध्ये कँटनला (आजचं ग्वांगझौ) ब्रिटिश वकिलात जाळली गेली, त्यानंतर सरकारने बराच काळ हात आखडता घेतला. मग इमारतींवर इमारती, आर्किटेक्ट नाही, परवानगी नाही, एकमेकींना टेकून उभ्या. दहा-बारा मजले, काही चौदा, त्याच्या वर गेल्या नाहीत कारण विमानं डोक्यावरून उतरायची. खालच्या गल्ल्यांत भर दुपारी दिवे लावावे लागायचे आणि वरून पाइपांचं पाणी टपकायचं. 1987 च्या पाहणीत इथे सुमारे 33,000 माणसं राहत होती. एकराला जवळपास पाच हजार!

या जागेचं नाव गुन्हेगारीसाठी गाजलं, आणि टोळ्यांचं राज्य तिथे बरीच वर्षं होतं हे खरंच आहे. पण तिथली बहुतेक माणसं साधी कामं करणारी होती. माशांचे गोळे बनवणारे कारखाने, छोटे वर्कशॉप, आणि दातांचे डॉक्टर, ज्यांचं शिक्षण चीनमध्ये झालेलं पण हाँगकाँगमध्ये ते मान्य नव्हतं म्हणून त्यांना बाहेर दवाखाना टाकता येत नव्हता. स्वस्तात दात दाखवायला शहरभरातून लोक इथे यायचे. मुलं खेळायची गच्च्यांवर, कारण ऊन तिथेच होतं.

1984 मध्ये हाँगकाँग परत देण्याचा करार झाला आणि मग दोन्ही सरकारांना हा प्रश्न मिटवणं सोपं झालं. जानेवारी 1987 मध्ये जाहीर झालं की वस्ती हटवून तिथे पार्क करायचा, आणि चीनने त्याच दिवशी पाठिंबा दिला. रहिवाशांना आणि धंदेवाल्यांना मिळून सुमारे 270 कोटी हाँगकाँग डॉलर भरपाई दिली गेली, तरी काहीजण शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले आणि त्यांना उठवून काढावं लागलं. 1993 च्या मार्चमध्ये पाडकाम सुरू झालं, 1994 च्या एप्रिलपर्यंत मैदान मोकळं.

मग इथे जिआंगनान बागच का? ही लष्करी छावणी होती, इथे कधी कुठल्या पंडिताची बाग नव्हती. आणि सुझौ इथून हजार किलोमीटरपेक्षा लांब. खरं तर हाँगकाँग ज्या प्रदेशात येतं त्या ग्वांगडोंगची स्वतःची बाग-पद्धत आहे, लिंगनान म्हणतात तिला, उष्ण दमट हवेला साजेशी, जास्त रंगीत. हाँगकाँगच्या लाई ची कोक पार्कमध्ये तशी बाग केलेलीही आहे. स्थानिक इतिहासाचाच मान राखायचा तर ती पद्धत जास्त जवळची होती. मला जे कळतं ते असं की जिआंगनान बाग म्हणजे चिनी संस्कृतीचं सगळ्यांना मान्य असलेलं, कोणालाच न बोचणारं रूप. चिंग काळ म्हटलं की तटबंदीशी नातं जुळतं, चीनला ते आवडणार, ब्रिटिशांना जाताजाता काहीतरी सुबक देऊन जाता येणार, आणि मधली ब्रिटिश-चिनी ओढाताणीची, निर्वासितांची, चौदा मजल्यांची वर्षं आपोआप मागे पडणार. दाखवायचं काय आणि लपवायचं काय, तेच तंत्र, पण आता ते इतिहासावर चाललेलं.

यावर पार्कला नुसता दोष देऊन चालणार नाही, कारण जे राखलं ते फार चांगलं राखलंय. पाडकामानंतर उत्खनन झालं तेव्हा तटाच्या दक्षिण दरवाजाचे अवशेष सापडले, दोन ग्रॅनाइटच्या पाट्या, एकीवर 'दक्षिण दरवाजा' आणि दुसरीवर 'काऊलून वॉल्ड सिटी' कोरलेलं, शिवाय तटाचा पाया, फरसबंद वाट, जुनं गटार. ते उचलून म्युझियममध्ये नेलं नाही, जागच्या जागी ठेवून पार्कचा आराखडा त्याच्याभोवती बसवला. तुम्ही वरून वाकून बघता आणि तो दरवाजा आजच्या जमिनीच्या खाली दिसतो. यामेनची इमारतही मूळची आहे, मधल्या काळात तिथे वृद्धाश्रम चालला, शाळा चालली, दवाखाना चालला, म्हणूनच ती वाचली, आजूबाजूला सगळं वर चढत गेलं तरी. 1996 मध्ये यामेन आणि दरवाजाचे अवशेष दोन्ही संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाले. तीन जुन्या विहिरी ठेवल्या आहेत आणि वाटांना, मंडपांना जुन्या गल्ल्यांची, इमारतींची नावं दिली आहेत.

वस्तीसाठी मात्र काय, तर यामेनमधलं प्रदर्शन आणि प्रवेशाजवळ ब्राँझचं एक मॉडेल, सगळ्या इमारती चिकटून एकच ठोकळा झालेला. मॉडेल चांगलं आहे, माणसं त्याभोवती बराच वेळ उभी राहतात, बोटाने गल्ली शोधतात. पण 33,000 माणसांच्या वाट्याला बागेत एवढंच आलं, आणि चिंग अधिकाऱ्याच्या कचेरीला बागेचा मध्य, हे मला पटत नाही. एका इमारतीचा नुसता एक जिना, एक गल्ली, तिच्या खऱ्या रुंदीची, मीटर-दोन मीटरची, एवढं जरी राखलं असतं तरी त्या वळणदार वाटांचा अर्थ बदलला असता, कारण अंधाऱ्या अरुंद बोळातून अचानक पाण्यावर येणं ही तर चिनी बागेचीच युक्ती आहे!

खाजगी बाग सार्वजनिक केली की अजून एक गोष्ट बदलते. सुझौच्या बागा चार मित्र, चहा, कविता यासाठी होत्या, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतक्या अरुंद वाटा. इथे रोज गर्दी, व्हीलचेअर, बाबागाड्या, रात्रीचे दिवे, तळ्याला कठडे. त्यामुळे वाटा रुंद झाल्या आणि रुंद वाटेवर लपवाछपवी सैल पडते, सुझौ बघून आलेल्याला ते लगेच जाणवतं. पण बदल्यात जे मिळालं ते मी कमी मानत नाही. सकाळी व्यायाम करणारे आजी-आजोबा, बारा राशींच्या प्राण्यांच्या दगडी पुतळ्यांजवळ आपली रास शोधणारी पोरं, आणि बुद्धिबळाचा कोपरा, जिथे जमिनीवर चिनी बुद्धिबळाचे चार मोठे पट आखले आहेत, प्रत्येक तीन बाय पाच मीटर. जी चेंगच्या काळात या माणसांना दारातून आत घेतलं नसतं.

उसन्या दृश्याचं इथे काय झालं तेही सांगतो. पार्कात दुमजली एक मंडप आहे, काठाला लागलेल्या नावेच्या आकाराचा, त्यावरून पूर्ण पार्क दिसतो. 1995 ला पार्क उघडला तेव्हा काई ताक विमानतळ चालू होता, 1998 च्या जुलैत बंद झाला, म्हणजे पहिली अडीच वर्षं या मंडपांवरून जंबो जेट इतक्या खालून जायची की बोलणं थांबवावं लागे. विमानतळ गेला, उंचीची बंधनं सैल झाली, आणि आता आजूबाजूला टॉवर चढतायत. झाडांनी ते झाकायचा प्रयत्न केलाय पण झाकले जात नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, त्या जागेचा स्वभावच वर चढण्याचा आहे.

बघायला जाणार असाल तर सुंग वाँग तोई मेट्रो स्टेशन जवळ आहे, 2021 पासून. प्रवेश फुकट आहे, सकाळी साडेसहा ते रात्री अकरा. शक्यतो दक्षिणेकडून आत शिरा, आधी खाली गेलेला दरवाजा बघा, मग ब्राँझचं मॉडेल नीट बघून घ्या आणि बागेत त्यानंतरच फिरा. उलट क्रमाने गेलात तर मॉडेल शेवटी घाईत उरकलं जातं. यामेनमधलं प्रदर्शन दिवसाच असतं आणि आठवड्यातला एक दिवस बंद, तेवढं जाण्याआधी तपासून घ्या.